कोरडा हात

कमलने चौथ्या रायफलीचा दस्ता सोडवला आणि आधीच्या तिन्हींच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवला. दस्ते फायबरचे होते. पूर्वी लाकडी असायचे, पण मुंबईच्या हवेत लाकूड फुगतं म्हणून सिक्युरिटी एजन्सीवाल्यांनी ते बदलून घेतले होते. फायबर फुगत नाही, पण त्याला भट्टी सोसत नाही. म्हणून आधी दस्ता उतरवायचा आणि मग नुसतं लोखंड आत घालायचं. एकदा मिस्त्रींच्या घाईत एक दस्ता आत राहिला होता. बाहेर आला तो भाजलेल्या वांग्यासारखा. त्याचं भरीत करायला मला सांगितलं नाहीत एवढीच मेहेरबानी, असं ती मिस्त्रींना अजून ऐकवायची.

सीताराम मिस्त्रींचा बंदूक दुरुस्तीचा कारखाना परळच्या एका गल्लीत होता. कारखाना म्हणायचं ते मिस्त्रींनीच. दोन खोल्या, एक पोटमाळा आणि कपाटाएवढी विजेची भट्टी. गंजलेली बंदूक आली की तिचा गंज काढायचा, थिनरने धुवायची, वाळूचा फवारा मारून घासायची, मग तिच्यावर काळा लेप फवारून भट्टीत भाजायची. नीट भाजलेला लेप नखाने निघत नाही, पावसाने जात नाही. अट एकच होती. धुतल्यापासून फवारेपर्यंत लोखंडाला उघडा हात लागता कामा नये. माणसाच्या हाताला तेल असतं, घाम असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, भट्टीला दिसतो.

कमलला मिस्त्रींनी घेतली ती तिच्या हातासाठी. दोघं देवगडकडची, त्यामुळे ओळख जुनी. कमल गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायला, होती तेव्हापासून तिचा हात प्रसिद्ध होता. मे महिन्यातसुद्धा तिच्या तळव्याला घाम नाही, सुताला डाग नाही. बायका म्हणायच्या, हिचा हात म्हणजे उन्हात वाळवलेला बोंबील. संपानंतर गिरणी गेली, हात राहिला.

"मिस्त्री, ह्या चारी नवमीच्या आत पायजेत हां," दारात उभा असलेला उत्तम म्हणाला. उत्तम हा सिक्युरिटी एजन्सीचा सुपरवायझर. कमलच्या बंद पडलेल्या गिरणीचं गेट त्याच्याकडे होतं. बोलताना कंबरेच्या किल्ल्या वाजवायची त्याला सवय होती.

"नवमीला काय गेटवर लगीन आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

"लगीन परवडलं. म्हातारे येतात. खंडेनवमी ना, मशीनची पूजा करायची म्हणून. आत सोडा, आत सोडा. मिल बंद होऊन जमाना झाला, ह्यांचा देव अजून ड्युटीवरच. गेल्या साली एक म्हातारा नारळ घेऊन डायरेक्ट घुसायला लागला. आमच्या पोराने ढकलला तर पडला. वर शिव्या मलाच."

"मग?"

"मग यंदा वरून ऑर्डर आहे. चारी बंदुका गेटवर, भरलेल्या. गंजलेल्या बंदुकीला कोण घाबरतं? नवीन पोरगा पण ठेवलाय एक. गरम डोक्याचा आहे. त्याला सांगितलंय, घुसला कोण तर म्हातारा की तरणा बघत बसायचं नाय."

कमलच्या हातातला स्क्रू वाटीत पडला. चुकीच्या वाटीत पडला. तिने तो उचलला, पुसला आणि बराच वेळ बोटात धरून ठेवला.

गेल्या नवमीला गुणाजी कोपर फोडून घरी आला होता. करी रोडच्या पुलावर पाय घसरला म्हणाला होता. तिने हळद भरली, आणि भरता भरता पुलाला मनसोक्त शिव्या घातल्या. बिचारा पूल.

*

गुणाजी तिचा नवरा. साळखात्यात, म्हणजे विणायच्या खात्यात, दोन साचे, म्हणजे माग, चालवायचा. संपाला निघाला तेव्हा साच्यावर अर्धवट कापड होतं, त्यावर फडकं टाकून आला होता. आठवड्याभरात परत जायचंय म्हणून. पुढे संप कधी मोडला असं कुणी सांगितलंच नाही. तो विरघळत गेला. काही लोकांना आत घेतलं, गुणाजीला नाही घेतलं. मग गिरणीच बंद झाली, आणि आत गेलेले आणि बाहेर राहिलेले पुन्हा एकाच कट्ट्यावर येऊन बसले.

त्या संध्याकाळी कमल घरी आली तेव्हा गुणाजी गॅलरीत जुना निळा शर्ट तांब्याने इस्त्री करत होता. तांब्यात निखारे. शेजारच्या खोलीतला कुशाबा कठड्याला टेकून तंबाखू मळत होता. कुशाबा साताऱ्याकडचा, गुणाजीच्याच खात्यातला.

"आरं, समदं भंगारात गेलं," कुशाबा म्हणत होता. "मागल्या गेटनं ट्रका जात्यात ताडपत्री टाकून. माझ्या मेव्हण्यानं बघितल्यात."

"ताडपत्रीखाली काय होतं, ते बघितलं काय त्याने?"

"ताडपत्रीखाली काय असतंय? तुझी सासू?"

"कुशाबा," गुणाजी शर्टाची बाही सरळ करत म्हणाला, "पुढच्या गेटला बंदूकवाले आहेत की नाहीत? रात्रंदिवस आहेत की नाहीत? रिकाम्या घराला कुणी कुलूप लावतं का? भंगाराला कुणी बंदुकीची राखण ठेवतं? आत साचे आहेत म्हणून तर ठेवलेत. आज ना उद्या चालू करतील."

कुशाबाने तंबाखू ओठाखाली टाकली. हे बोलणं तो रोज ऐकत होता, आणि रोज याच ठिकाणी गप्प होत होता. कमलच्या मनात आलं, हा हरतो म्हणून गप्प बसत नसावा. ह्यालाही तेच ऐकायचं असावं.

जेवताना तिने विषय काढला.

"यंदा नवमीक गेटार जाव नको."

"कित्याक?"

"पूल निसरडो आसा."

गुणाजीने घास थांबवला. तिच्याकडे पाहिलं नाही. आमटीत बोट फिरवत राहिला.

"कोणी सांगल्यान तुका?"

"कोणी नाय. यंदा बंदुका भरलेल्यो आसतल्यो म्हणतत."

"आसांदे. माझा काम काय, एक नारळ ठेवचो आणि येवचा. साच्यार फडका टाकून इलंय मी. माका म्हायती आसा खंय ता." तो जरा थांबला. "गोळी घालूक मी काय चोर आसंय?"

त्यावर तिने भात वाढला. अजून काही म्हणायचं तर भांडणच झालं असतं, आणि भांडून हा माणूस कधी मागे फिरल्याचं तिला आठवत नव्हतं. भांडून मागे फिरणारा असता तर संपाच्या दुसऱ्या महिन्यातच फिरला असता.

दुसऱ्या दिवशी तो हिंदमाताला चालत जाऊन आला, लाल कापडाचा तुकडा घेऊन. जुन्या फडक्याच्या जागी घालायला. नारळ तर आधीच आणून देव्हाऱ्याखाली ठेवलेला होता, शेंडीसकट.

*

नवमीला दोन दिवस होते. चारही रायफलींचं लोखंड धुऊन, वाळूने घासून, तारेच्या आकड्यांना टांगलेलं होतं. असं लोखंड राखेच्या रंगाचं दिसतं, अगदी उघडं. मिस्त्री पोटमाळ्यावर चहा पीत होते. खाली कमल होती, फवाऱ्याचं भांडं भरलेलं होतं, भट्टी तापत होती.

तिने फवारा उचलला. परत ठेवला.

मग उजव्या हातातला मोजा काढला. हात पाहिला. कोरडाच होता, नेहमीसारखा. अशा हाताचा काय ठसा उमटणार. तिने तो हात मागे नेऊन अंबाड्यात खुपसला. सकाळीच खोबरेल घातलेलं होतं. बोटं चांगली माखून घेतली आणि पहिल्या नळीवर ओढली. वरून खाली, पाचही. मग दुसरीवर. नवमीला गिरणीत साच्याला अशीच हळदीची पाच बोटं ओढायची पद्धत होती. वाइंडिंगच्या बायका साळखात्यात यायच्या तेव्हा गुणाजीच्या साच्याला बोटं कमलनेच ओढायची, आणि बाकीच्यांनी खोकायचं. चौथ्या नळीपर्यंत आली तेव्हा बोटांचं तेल संपलं होतं. तिचा हात परत अंबाड्याकडे गेला.

नंतर तिने मोजा चढवला आणि लेप फवारला. सुबक, एकसारखा, कुठे ओघळ नाही. ओल्या लेपाखाली काही दिसत नव्हतं. तिने सगळं भट्टीत टांगलं आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली ती मिस्त्रींनी.

चारही नळ्यांवर लेप काळाभोर बसला होता, आणि त्यात पाच-पाच बोटांचे लांब फोड उठले होते. मिस्त्रींनी नखाने एक पापुद्रा उचलला. तो सहज निघाला. त्याखालचं लोखंड पुसट चमकत होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आपली बोटं त्या फोडांच्या वर धरून पाहिली. त्यांची बोटं जाड होती. बसली नाहीत.

"कमलबाई, इतकी वर्षं झाली. तुमच्या हाताचा ठसा मी कधी बघितला नव्हता."

कमल दस्ते पुसत होती. ते आधीच स्वच्छ होते.

"गुणाजी बरा आहे ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"बरो आसा."

"नवमीला जातो काय तो? गेटवर?"

तिने मान हलवली. हो की नाही ते मिस्त्रींना कळलं असावं, कारण त्यांनी पुढे विचारलं नाही. चष्मा खाली घेतला आणि नळ्या एकेक करून बाहेर काढायला लागले.

उत्तम दुपारी आला आणि किल्ल्या वाजवायच्या विसरला.

"हे काय, मिस्त्री? हे काय देवीचे फोड आल्यासारखं?"

"हवा दमट आहे. लेप धरत नाही कधी कधी. सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागेल."

"उद्या नवमी आहे."

"मग उद्या कसं होईल? परवा दसरा. दसऱ्याला मी हत्याराला हात लावत नाही, पूजा करतो."

"आणि गेटवर काय ठेवू मी? तुमचा फोटो?"

"काठ्या द्या पोरांना. म्हाताऱ्यांना काठी पुरते."

"दुसऱ्या बंदुका सगळ्या बँकांवर अडकल्यात. नशीबच खराब साला," उत्तम म्हणाला आणि गेला.

मिस्त्रींनी नळ्या पुन्हा आकड्यांना टांगल्या. मग खरवडायचा ब्रश तिच्या पुढ्यात ठेवत म्हणाले, "खोबरेलाला वास असतो, बाई. भट्टीत तर फारच येतो."

*

नवमीच्या सकाळी गुणाजी निळा शर्ट घालून निघाला. पिशवीत नारळ, लाल कापड, हळदकुंकवाची पुडी, उदबत्ती. कमलने सुट्टी घेतली होती. ती त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली, आणि या वेळी जाव नको म्हणाली नाही. त्याला ते जाणवलं असावं. दोन पायऱ्या उतरून त्याने वर पाहिलं.

"चाय ठेव. येतंय मी."

कुशाबा आणि कट्ट्यावरचे आणखी दोघेतिघे गॅलरीतून बघत होते. बरोबर कुणी गेलं नाही. गुडघा, दम, सुनेचं बाळंतपण, प्रत्येकाकडे काही ना काही होतं.

कमलने चहा ठेवला नाही. तिने तांदूळ निवडले, निवडलेले पुन्हा निवडले. गेटवर काठ्या आहेत, हे ती स्वतःशी घोकत होती. काठ्याच आहेत. फार तर कोपर फुटेल. हळद आहे घरात.

तो लवकर आला. शर्ट तसाच, कडक. कुठे फाटलेला नाही, कोपर धड. कमलने दारातून पाहिलं आणि तिचे खांदे खाली आले. पण तो खोलीत आला नाही. गॅलरीतच कुशाबाने त्याला धरला.

"काय रं? सोडलं का आत?"

"सोडलं," गुणाजी म्हणाला.

गॅलरीतल्या खोल्यांची दारं उघडली. कुणी स्टूल आणलं. गुणाजी त्यावर बसला. पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली होती.

"आज बंदुका नव्हत्या. पोरगा होता एक, काठीवाला. नवीन. मला म्हणाला, जाव चाचा, देख लो. त्यानेच फाटक ढकलून दिलं."

"आणि?"

"आणि काय?"

"आत काय हाय?"

गुणाजीने सगळ्यांकडे पाहिलं. म्हातारी माणसं, बनियनवर, काहींच्या हातात अजून पेपर. कुशाबाचे ओठ तंबाखूने फुगलेले आणि डोळे नारळाच्या पिशवीवर.

"सगळं आहे तसं आहे," गुणाजी म्हणाला. "साचे जागच्या जागी. धूळ तेवढी बसली आहे. माझं फडकं पण होतं. मी लाल घातलं."

हातातले पेपर खाली आले. मग कुशाबाने तोंडातली तंबाखू थुंकून टाकली, कठड्यावरून वाकून, आणि परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. "माझा बी आसंल की मग," तो म्हणाला. "खिडकीकडंचा. पट्टा जरा ढिला होता त्याचा."

"असेल."

"बघितलास नव्हं?"

"बघितला. आहे."

"मग परसाद दे की," मागून कुणीतरी म्हणालं.

गुणाजीची बोटं पिशवीवर आवळली. कमल पुढे झाली आणि पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली. जरा ओढावीच लागली.

"चहा तरी पिऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "आणते प्रसाद."

आत जाऊन तिने दार लोटलं. पिशवी उघडली. नारळ शेंडीसकट अख्खा होता. लाल कापडाची घडी मोडलेली नव्हती. पुडीचा दोरा बांधलेला होता.

गुणाजी तिच्या मागून आत आला होता. दाराला पाठ लावून उभा होता.

"खंय फोडू?" तो हळूच म्हणाला. "आत साचो एकव नाय, जमनीर नट तेवढे आसत. माझे खयचे, ताच गावूक नाय."

कमलने स्टोव्हचा पंप जोरात मारायला घेतला. स्टोव्ह भणभणायला लागला तसा तिने त्यावर चहा ठेवला आणि पाट्यावर वरवंट्याने नारळ फोडला, तो आवाज स्टोव्हच्या आवाजात गेला असेल अशी आशा ठेवून. पाणी वाटीत धरलं. खोबऱ्याचे तुकडे केले, त्यावर पुडीतलं कुंकू भुरभुरलं, साखर टाकली. लाल कापड मसाल्याच्या डब्यामागे सारलं. मग गुणाजीच्या हातात चहा देऊन ती ताट घेऊन बाहेर गेली आणि एकेकाच्या हातावर तुकडा ठेवत गेली. माणसांनी तो कपाळाला लावला.

"गोड निघाला," कुशाबा म्हणाला. चावत चावत त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "पुढल्या नवमीला आपन समदी जायाचं. काय? ह्यो एकटा जाऊन आला, आपन काय बांगड्या भरल्यात? माझा गुडघा मी बघतो."

"जायाचं," दुसरा म्हणाला.

"आत्ताच सांगून ठेवा नारळवाल्या धोंडूला, तवर म्हाग हुतील."

हसले सगळे. फार दिवसांनी त्या गॅलरीत एवढी माणसं एकदम हसली. गुणाजी आतल्या अंधारात उभा राहून हातातल्या चहाकडे बघत होता. त्याच्यावर साय धरायला लागली होती.

*

दसरा झाल्यावर कमल नेहमीपेक्षा लवकर कारखान्यात आली. नळ्या खरवडल्या, थिनरने दोनदा धुतल्या, वाळूचा फवारा मारला. केसांना त्या दिवशी तेल लावलं नव्हतं. वर फडकं बांधलं होतं. मोजे एकावर एक असे दोन जोड घातले. मिस्त्री पोटमाळ्यावरून बघत होते. मध्ये एकदा म्हणाले, "एवढं कशाला?" आणि उत्तराची वाट न बघता पेपर वाचायला लागले.

भट्टीतून नळ्या निघाल्या तेव्हा तिने त्या दाराशी नेऊन उजेडात फिरवल्या. कुठे फोड नाही, पापुद्रा नाही, बोट नाही. नुसता काळा रंग, ज्यात बघणाऱ्याचं तोंडसुद्धा नीट दिसत नाही. तिने एकेकीला दस्ता बसवला, स्क्रू आवळले.

संध्याकाळी उत्तम आला. एक रायफल उचलून डोळ्याला लावली, खाली ठेवली.

"आता झकास झाल्या. पण आता काय उपयोग? नवमी गेली. दोन ठेवतो गेटवर, दोन बँकेला देतो."

"चारी गेटवरच ठेवा," कमल म्हणाली.

उत्तमने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "कशाला, बाई? आत आहे काय? भंगार कधीच गेलं. नुसती जमीन राहिली. जमीन काय कोण खिशात घालून नेतं?"

"पुढच्या नवमीला म्हातारे येतील. यंदापेक्षा जास्त."

"तुम्हाला कोण बोललं?"

तिने शेवटच्या रायफलीचा स्क्रू पुन्हा तपासला. घट्ट होता, तरी पेचकस लावून अर्धा फेर आणखी दिला. रिकाम्या घराला कुणी कुलूप लावतं का, हे गुणाजीचं बोलणं तिच्या डोक्यात होतं.

"येतील," ती म्हणाली. "काठीवाला पोरगा ठेवू नका. तो गरम डोक्याचा नाही. कुणालाही चाचा म्हणतो."

उत्तम हसला. किल्ल्या वाजवत त्याने बरोबर आणलेल्या पोराला टॅक्सी थांबवायला सांगितलं. कमलने चारही रायफली गोणपाटात गुंडाळल्या, दोरी बांधली, आणि त्या त्याच्या हातात देताना मोजे काढले नव्हते.

"आत नका सोडू कुणाला," ती म्हणाली.